बुधापाशी थांबायचं कसं?

पृथ्वीवरून सुटलेलं यान पृथ्वीचा वेगही सोबत घेऊन निघतं: सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. सूर्याच्या जवळ जायचं तर आधी हा वेग कमी करावा लागतो. तो कमी झाला की यान आत ओढलं जातं आणि वाटेत त्याचा वेग पुन्हा वाढत जातो. बुधापाशी येईपर्यंत तो इतका होतो की यान ग्रहाला ओलांडून सरळ निघून जातं. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला वेग उतरवायला तिथल्या विरळ हवेची मदत घेता येते. बुधाला म्हणण्यासारखं वातावरणच नाही.

१९७४-७५ मध्ये नासाचं मरिनर १० हे यान बुधाजवळून तीनदा गेलं. ते दर १७६ दिवसांनी परत येत होतं आणि बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळही नेमका १७६ दिवसांचाच! त्यामुळे प्रत्येक खेपेला तीच बाजू उजेडात. अर्ध्याहून अधिक बुध पुढची तीसेक वर्षं न पाहिलेलाच राहिला, याची आजही चुटपुट लागते.

म्हणून कक्षेत शिरणं गरजेचं होतं. २००४ मध्ये निघालेलं नासाचं मेसेंजर पृथ्वीजवळून एकदा, शुक्राजवळून दोनदा आणि खुद्द बुधाजवळून तीनदा गेलं. दर वेळी त्या ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा मार्ग आणि वेग थोडा थोडा बदलला. तरीही उड्डाणावेळी यानाच्या वजनात निम्म्याहून जास्त वाटा इंधनाचा होता. अखेर मार्च २०११ मध्ये सुमारे पंधरा मिनिटं इंजिन चालवून ते बुधाभोवती फिरू लागलं.

पुढच्या चार वर्षांत हाती आलेलं पाहून मी आजही थक्क होतो. दिवसा जिथे ४३० अंश सेल्सियस तापमान असतं, त्याच ग्रहाच्या ध्रुवांजवळ, कधीच ऊन न पोहोचणाऱ्या विवरांत बर्फ आहे. पृथ्वीवरच्या रडारला १९९१ मध्येच तिथे चकाकते डाग दिसले होते. मेसेंजरने ते पाण्याचं बर्फ असल्याचा भक्कम पुरावा दिला. उष्णतेने सहज उडून जाणारं गंधकही पृष्ठभागावर भरपूर निघालं, त्यामुळे बुधाच्या जन्माविषयीच्या काही कल्पना मोडीत काढाव्या लागल्या.

मात्र तापलेल्या जमिनीच्या धगीपासून वाचण्यासाठी मेसेंजरची कक्षा खूप लांबट ठेवली होती. उत्तरेला ते सुमारे २०० किलोमीटरवर यायचं, तर दक्षिणेला हजारो किलोमीटर दूर जायचं. साहजिकच दक्षिण गोलार्धाची मोजमापं ढोबळ राहिली. युरोप आणि जपानच्या बेपीकोलंबो मोहिमेतलं एक यान दोन्ही गोलार्धांवरून ४८० ते १,५०० किलोमीटर उंचीवर फिरावं, अशी आखणी आहे. २०१८ मध्ये निघालेल्या या मोहिमेचं बुधाच्या कक्षेत शिरणं नोव्हेंबर २०२६ साठी ठरलं आहे.