आर्क्टिक महाचक्रीवादळ (२०१२)

२ ऑगस्ट २०१२ रोजी सायबेरियावर निर्माण झालेले आणि पुढे आर्क्टिक महासागरात शिरून जवळजवळ दोन आठवडे टिकलेले वादळ. ६ ऑगस्टला त्याच्या केंद्राजवळचा वायुदाब ९६६ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. एवढी तीव्र आवर्ते (कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरणारी वादळे) आर्क्टिकवर हिवाळ्यात येतात, उन्हाळ्यातली सहसा दुबळी असतात. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून तोवर आर्क्टिकवर ऑगस्टमध्ये इतके तीव्र वादळ आले नव्हते. वारा आणि ढग ध्रुवीय समुद्रबर्फावर काय परिणाम करतात, हे समजून घ्यायला याच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

त्या वर्षी चुकची आणि पूर्व सायबेरियन समुद्रांतला बर्फ वादळापूर्वीच पातळ व विरळ झाला होता. वाऱ्याने आणि लाटांनी त्याच्या लाद्या फोडल्या. लादी फुटली की पाण्याला भिडणाऱ्या कडा वाढतात आणि वितळण्याचा वेग वाढतो. मोठा घाव मात्र खालून बसला. उन्हाळ्यात वितळलेले गोडसर पाणी हलके असल्यामुळे वर राहते आणि त्याच्याखाली, साधारण २० मीटर खोलीवर, उन्हाने तापलेले खारट पाणी अडकून पडते. वादळी वाऱ्याने बर्फ रेटला, बर्फाने पाणी घुसळले आणि ती साठलेली उष्णता वर येऊन लाद्यांचे तळ झिजू लागले. बर्फाचे क्षेत्र एकेका दिवसात सुमारे दोन लाख चौ. किमी.नी घटले, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन-तृतीयांश इतके.

सप्टेंबरच्या मध्यास आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौ. किमी.वर आला. तो आजवरचा नीचांक आहे. १९८१–२०१० या काळातली त्या सुमाराची सरासरी सुमारे ६२ लाख होती. साहजिकच विक्रमाचा दोष वादळाला दिला गेला. वॉशिंग्टन विद्यापीठातील जिनलुन झांग आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये संगणकीय प्रारूपात वादळ वगळून पाहिले, तेव्हा किमान क्षेत्रात जेमतेम दीड लाख चौ. किमी.चा फरक पडला. वादळ आले नसते तरी विक्रम मोडलाच असता. पातळ झालेला बर्फ त्याशिवायही वितळणारच होता. वादळाने त्याला काही दिवस आधी गाठले. गेल्या काही दशकांच्या तापमानवाढीने बर्फ किती पातळ करून ठेवला आहे, याचा विचार न करता एकट्या वादळाकडे बोट दाखवणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते.

उलट, उन्हाळी आवर्ते बऱ्याचदा बर्फाला तारतात. त्यांचे ढग ऊन अडवतात, हवा गार राहते, ताजा हिमवर्षाव बर्फाचा पांढरेपणा वाढवतो. बर्फ पसरतोही. नॉर्वेचे समन्वेषक फ्रित्यॉफ नान्सेन यांनी ‘फ्राम’ जहाजाच्या सफरीत (१८९३–९६) पाहिले, की बर्फ वाऱ्याच्या थेट दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकतो. स्वीडनचे व्ही. वॉलफ्रिड एकमन यांनी त्याचे कारण पृथ्वीच्या परिवलनात असल्याचे १९०५ मध्ये दाखवले. उत्तर गोलार्धात आवर्ताचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरतात, त्यामुळे बर्फ केंद्रापासून बाहेर फाकतो. प्रत्यावर्तात, म्हणजे जास्त दाबाच्या केंद्राभोवती वारे उलट दिशेने फिरतात तेव्हा, तो आत गोळा होतो. २०१३ चा उन्हाळा आवर्तांचा आणि थंड गेला. सप्टेंबरमध्ये ५० लाखांहून अधिक चौ. किमी. बर्फ शिल्लक होता. याउलट २००७ मध्ये बोफोर्ट समुद्रावर ठाण मांडलेल्या प्रत्यावर्ताने आकाश निरभ्र ठेवले, तर त्याच्या आणि सायबेरियाकडील कमी दाबाच्या मधून वाहणाऱ्या उबदार दक्षिण वाऱ्यांनी बर्फ किनाऱ्यापासून दूर लोटला. त्या वर्षी तोवरचा नीचांक नोंदला गेला. ऑगस्ट २०१६ मधल्या वादळाचा केंद्रदाब जवळजवळ २०१२ इतकाच कमी होता, तरी २०१२ चा विक्रम मोडला नाही.

हिवाळ्यात गणित बदलते. ऊन नसतेच, त्यामुळे ढग उष्णता धरून ठेवतात आणि बर्फावर साचलेला हिमाचा थर खालचे गोठणे मंदावतो. २४ जानेवारी २०२२ रोजी सुमारे ९३२ हेक्टोपास्कलपर्यंत उतरलेल्या वादळाने बॅरेंट्स समुद्रातला बर्फ भर हिवाळ्यात झपाट्याने घटवला.

अंटार्क्टिकाभोवती बर्फाला जमिनीची चौकट नाही, त्यामुळे तो वाऱ्याच्या जास्तच अधीन. अमुंडसेन समुद्रावरील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, की त्याच्या पश्चिमेला रॉस समुद्रात थंड वारे बर्फ पुढे सारतात आणि पूर्वेला अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे उबदार हवा तो मागे हटवते. सप्टेंबर २०१७ मध्ये वेडेल समुद्रातील हिमावरणात मोठे मोकळे पाणी उघडले, त्यातही वादळांचा हात होता. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राला ही माहिती रोजच्या कामात लागते. अंटार्क्टिकातील प्रिड्झ उपसागराकाठच्या ‘भारती’ या भारतीय संशोधन स्थानकाकडे रसद नेणाऱ्या जहाजासमोर सुटा बर्फ असेल, तर जमिनीवरून येणारा वारा वाट मोकळी करतो आणि समुद्राकडून येणारा वारा तोच बर्फ किनाऱ्याशी दाबून धरतो.