भाषाशिक्षणात संगीत

परकी भाषा शिकवताना वर्गात गाणे, ठेका किंवा नुसती चाल वापरण्याची पद्धत. चाल लक्षात राहते आणि शब्दांना सोबत घेऊन येते, हा तिचा आधार. ओळीत किती अक्षरे मावतात आणि यमक कुठे पडणार, हे चाल आधीच सांगून ठेवते. ध्रुवपद परतून आले की उजळणी आपोआप होते.

मात्र चाल आधी कानात बसलेली हवी. संशोधक वांडा वॉलेस यांच्या १९९४च्या प्रयोगांत गायलेला मजकूर बोललेल्यापेक्षा चांगला आठवला, तो एकच चाल अनेक कडव्यांत ऐकायला मिळाल्यावर. एकाच कडव्यात तो फायदा दिसला नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० प्रौढांना हंगेरियन वाक्ये १५ मिनिटे शिकवली गेली. एका गटाने ती बोलून, दुसऱ्याने ठेक्यात, तिसऱ्याने गाऊन म्हटली. हंगेरियन बोलण्याच्या चाचण्यांत गाणारा गट सरस ठरला.

ठेका तरीही कमी लेखू नये. अमेरिकन शिक्षिका कॅरोलिन ग्रॅहॅम यांच्या ‘जॅझ चँट्स’मध्ये (१९७८) चाल नाहीच, रोजचे संवाद तालावर म्हणायचे असतात. ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणताना टाळी ‘व्हॉट’ आणि ‘डू’वर पडते, ‘आर यू’ मधल्या फटीत घाईने उरकावे लागते. इंग्रजीतला आघात समजावून सांगण्यापेक्षा असा हाताने शिकवणे सोपे.

बल्गेरियाच्या गिओर्गी लोझानोव्ह यांच्या ‘सजेस्टोपीडिया’ या पद्धतीत संगीत पार्श्वभूमीला असते आणि शिक्षक त्यावर लांब संवाद वाचतो. तिच्या स्मरणवाढीच्या दाव्यांवर अभ्यासकांनी कडक टीका केली.

चाल भाषेला वाकवतेही. इंग्रजी मुळाक्षरांच्या प्रसिद्ध गाण्यात ‘एल, एम, एन, ओ’ दुप्पट वेगाने येऊन ‘पी’ला चिकटतात, म्हणून कित्येक मुलांना ‘एलेमेनोपी’ हे एकच अक्षर वाटते. मँडरिन चिनीमध्ये शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो, पण गाण्यात तो सूर बहुधा चालीखाली दबतो. तिथे सूर शिकवायला गाणे कामाचे नाही. शिवाय पाठ झालेल्या गाण्यातला मधलाच शब्द विचारला, तर विद्यार्थी पहिल्या ओळीपासून गुणगुणत येतो. असे पाठांतर म्हणजे शब्द हाती आला असे नव्हे. म्हणून काही दिवसांनी चाल काढून ओळी बोलून घ्याव्यात, आणि त्याही उलटसुलट क्रमाने.

वर्गात सर्वाधिक चालतो तो गाणे ऐकत त्याच्या ओळींतल्या गाळलेल्या जागा भरण्याचा सराव. त्यात शिक्षकाची चूक बहुतेकदा एकच असते: एका ओळीत दोन शब्द गाळणे. पहिला लिहून होईपर्यंत दुसरा निघून गेलेला असतो, आणि मग परीक्षा ऐकण्याची न राहता भरभर लिहिण्याची होते.