ठसलेला चेहरा (दूरचित्रवाणी मालिका)

ठसलेला चेहरा : एकच पात्र वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या नटांनी साकारले, तरी प्रेक्षकांच्या मनात त्यांतल्या एकाच नटाचे रूप ‘खरे’ ठरून बसते आणि बाकीचे सगळे त्याच्याशी ताडून पाहिले जातात. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकांत आणि पुन्हा पुन्हा नव्याने काढल्या जाणाऱ्या पौराणिक मालिकांत हे विशेष दिसते. प्रेक्षक त्यासाठी काही संज्ञा वापरत नाहीत. ‘खरा कृष्ण तोच’, ‘जुनी शनाया’, ‘याला त्याची सर नाही’ अशा बोलण्यातून ते कळते. नागपुरात ‘हा कायचा कृष्ण बापा!’ एवढ्या एका उद्गारात नव्या नटाचा निकाल लागतो.

नाटकाला नट बदलणे नवे नाही. ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ती भूमिका केली. कोणाचा बेलवलकर सरस यावर तावातावाने बोलणारी माणसे दुसऱ्याचा प्रयोगही तितक्याच उत्सुकतेने पाहायला जात. नाटकाला आपण घर सोडून, तिकीट काढून जातो. वेगळे काही पाहायला मिळणार याची मनाने तयारी केलेली असते. मालिकेतले पात्र आपल्या घरी येते, ठरलेल्या वेळी, कुकरच्या शिट्ट्या होत असताना. एके दिवशी तेच नाव, तेच कपडे आणि चेहरा मात्र निराळा, असे झाले की घरात परका माणूस शिरल्यासारखे वाटते. अशा वेळी प्रेक्षक रुसतात तेव्हा नव्या नटाचा अभिनय त्यांना वाईट वाटलेला असतो असे नाही. अभिनयापर्यंत ते पोचलेलेच नसतात.

भारतीय दूरचित्रवाणीवर याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेतला (२ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, ९४ भाग) नितीश भारद्वाज यांचा कृष्ण. भारद्वाज मराठी घरातले, शिक्षणाने पशुवैद्य. मालिकेत आधी त्यांचा विचार विदुराच्या भूमिकेसाठी झाला होता, हे त्यांनीच मुलाखतींतून सांगितले आहे. ती भूमिका वीरेंद्र राजदान यांच्याकडे गेली. कृष्ण वाट्याला आला तेव्हा ते पंचविशीत होते आणि देशभरच्या प्रेक्षकांना त्यांचा चेहरा ओळखीचा नव्हता. हे फार उपयोगी पडले. नावाजलेला नट देवाची भूमिका करतो तेव्हा आधीच्या दहा भूमिका त्याच्या मागे उभ्या असतात. इथे पुसून टाकावे असे काहीच नव्हते.

राही मासूम रझांनी लिहिलेले संवाद जड होते, पण हा कृष्ण ते घाईने बोलत नाही आणि आवाज क्वचितच चढवतो. समोरचा बोलत असताना तो ऐकतो, ऐकता ऐकता ओठांच्या कोपऱ्यात हसतो, आणि उत्तर त्याच्याजवळ कधीचेच तयार आहे हे आपल्याला समजते. कुरुक्षेत्रावरच्या प्रसंगात अर्जुन (फिरोज खान) प्रश्नांमागून प्रश्न विचारतो, रडकुंडीला येतो, धनुष्य खाली टाकतो. त्या सगळ्या वेळात कॅमेरा अनेकदा कृष्णाच्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावर थांबतो. गीता सांगणारा कृष्ण अनेकांनी केला. गीता सांगण्याआधी अर्जुनाचे पुरते ऐकून घेणारा कृष्ण लोकांच्या लक्षात राहिला. लहान पडद्यावर भव्य रथ आणि सैन्य फारसे उठून दिसत नसे, चेहरा मात्र बोळातल्या खोलीत हातभर अंतरावर यायचा.

तो कसा पाहिला गेला हेही या ठशाचाच भाग आहे. नागपुरातल्या महाल-इतवारीच्या बोळांत तेव्हा चार-पाच घरांमागे एक टीव्ही असे, पुष्कळदा कृष्णधवल, सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत ठेवलेला. रविवारी सकाळी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. आंघोळ केल्याशिवाय बसायचे नाही, असा कित्येक आज्यांचा नियम होता. गच्चीवर एक पोरगा अँटेना धरून सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे वळवत असायचा. खालून ओरडणे: ‘आलं का बे?’ ‘अजून मुंग्या येऊन राहिल्या!’ ‘आता हलवू नको, तसाच धर!’ आणि मग मुंग्यांतून हळूहळू तो हसरा चेहरा वर यायचा. ऐन वेळी लाइन गेली तर सगळी मंडळी दुसऱ्या फीडरवरच्या गल्लीत धावायची. ज्या गोष्टीसाठी आठवडाभर थांबावे लागते, गच्चीवर चढावे लागते, शेजाऱ्याच्या सतरंजीवर दाटीवाटीने बसावे लागते, ती नुसती पाहिलेली राहत नाही. पुढच्या काळात शंभर वाहिन्या आल्या, रंग झळझळीत झाले, पण अख्खे गाव एकाच क्षणी एकाच चेहऱ्याकडे पाहते ही परिस्थिती नंतरच्या कुठल्याच कृष्णाला मिळाली नाही. हा त्यांच्या अभिनयाचा दोष मुळीच नव्हे.

कारण नंतरचे कृष्णही ताकदीचे होते. रामानंद सागरांच्या ‘श्रीकृष्ण’ मालिकेत (१९९३ पासून) किशोरवयीन कृष्ण स्वप्नील जोशींनी आणि मोठेपणीचा सर्वदमन बॅनर्जींनी केला. २०१३ च्या ‘महाभारत’मध्ये सौरभ राज जैन आले, २०१८ च्या ‘राधाकृष्ण’मध्ये सुमेध मुद्गलकर. सौरभ राज जैन यांचा कृष्ण तर आजच्या विशीतल्या अनेकांसाठी पहिला आहे, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याने जो आधी पाहिला त्याला तो खरा, हा नियम सगळ्या पिढ्यांना सारखाच लागू आहे. चोप्रांच्या ‘महाभारत’च्या वेळी घरातल्या ज्या आज्या नव्या कृष्णाकडे साशंक नजरेने पाहत होत्या, त्यांचा खरा कृष्ण शाहू मोडक होता. अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या नटाने पंचवीसहून अधिक चित्रपटांत कृष्ण रंगवला आणि देवघरातल्या तसबिरीशी त्याचा चेहरा एकरूप झाला. नागपुरातल्या तेलुगू घरांत विचाराल तर एन. टी. रामारावांखेरीज दुसरे नाव निघणार नाही.

मात्र ‘आधी पाहिला तो खरा’ एवढ्याने सगळे उलगडत नाही. तसे असते तर भारद्वाजांना मोडकांच्या कृष्णापुढे उभे राहता आले नसते. आधीचा ठसा पुसून नवा उमटतो तेव्हा त्या नटाने काहीतरी नेमके दिलेले असते, आणि ते सहसा फार मोठे नसते. ती एक छोटी, उचलून नेता येईल अशी खूण असते. घरातल्या पोराला टॉवेल गुंडाळून, आरशासमोर उभे राहून ती करता आली पाहिजे. ‘सीआयडी’मधले एसीपी प्रद्युम्न (शिवाजी साटम, १९९८ पासून) हाताची बोटे हवेत फिरवत विचारात पडतात, ते बोट फिरवणे पाचवीतल्या मुलालाही जमते आणि जमल्यावर तो घरभर गुन्हे शोधत हिंडतो. मोठा अभिनय पाहून आपण थक्क होतो, पण ठसा उमटतो तो नक्कल करता येणाऱ्या खुणेतून. घराने ती खूण उचलली की पात्र नटाचे राहत नाही, घराचे होते.

रामाच्या बाबतीत ती खूण म्हणजे स्मित. रामानंद सागरांच्या ‘रामायण’ (२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८) मालिकेसाठी वेशभूषा करून अरुण गोविल उभे राहिले तेव्हा काहीतरी कमी वाटत होते. चेहऱ्यावर मंद हसू आणल्यावर राम सापडला, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. त्या हसण्याचा प्रवास नागपुरात डोळ्यांनी पाहता येतो. रामनवमीला पोद्दारेश्वर राममंदिरातून निघणाऱ्या शोभायात्रेत (१९६७ पासून) चित्ररथांवर सजीव देखावे असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थर्माकोलचे सिंहासन, त्यावर मुकुट घातलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा. एप्रिलचे नागपुरी ऊन नुकतेच उतरलेले असते, गालावरचा रंग घामाने ओघळत असतो, लक्ष्मण झालेला मुलगा हळूच पाण्याच्या पाउचला तोंड लावतो. राम मात्र उजवा तळहात वर धरून, ओठ न उघडता, मान किंचित कलती ठेवून हसत असतो. तासन् तास तेच हसू. हा मुलगा ‘रामायण’ संपल्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला असतो. त्याला हे कोणी शिकवले असे विचारले तर तो सांगेल, राम असाच हसतो. मूर्तिकार, मेकअप करणारा, घरातली आई, टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनवर झालेले पुनःप्रक्षेपण, अशा कितीतरी वाटांनी ते एका नटाचे हसू त्याच्यापर्यंत आलेले असते.

परदेशातले एक उदाहरण इथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण तिथे नट बदलणे हा कथेचाच नियम आहे. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळल्यावर १९६६ मध्ये निर्मात्यांनी युक्ती काढली: परग्रहावरून आलेला हा डॉक्टर मरणाच्या दारी पोचला की त्याचे शरीर बदलते, माणूस तोच राहतो. पॅट्रिक ट्राउटन दुसरे डॉक्टर झाले आणि मालिका पुढे दशकानुदशके चालली. म्हणजे प्रेक्षकांची तक्रार कथेनेच आधी मिटवून टाकली होती. तरीही चौथे डॉक्टर टॉम बेकर (१९७४–१९८१) यांचा चेहरा जुन्या प्रेक्षकांच्या मनातून हलत नाही. सलग सात वर्षे ते त्या भूमिकेत होते, हे एक कारण. दुसरे कारण त्यांचा लांबच लांब रंगीत मफलर. वेशभूषाकार जेम्स ॲचेसन यांनी बेगोनिया पोप या विणकाम करणाऱ्या बाईंना भरपूर लोकर दिली. त्यांनी दिलेली सगळीच लोकर विणून टाकली आणि मफलर जमिनीवर लोळू लागला. तो तसाच वापरला गेला. पुढे इंग्लंडातल्या घराघरांत आयांनी तसा मफलर विणला. टॉवेलाचे उपरणे करणाऱ्या आपल्या पोरांत आणि त्या पोरांत काही फरक दिसत नाही.

दैनंदिन मालिकांत नट बदलण्याची कारणे साधी असतात: करार, आजारपण, बाळंतपण, मानधन, कंटाळा. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ (२०००–२००८) मधला नायक मिहिर आधी अमर उपाध्याय यांनी केला, थोडे दिवस इंदर कुमार यांनी, आणि मग शेवटपर्यंत रोनित रॉय यांनी. रोनित रॉय यांची कारकीर्द सर्वांत लांब, अभिनयही भारदस्त. तरी २०२५ मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा स्मृती इराणींनी केलेल्या नायिकेसमोर, तुळशीसमोर, अमर उपाध्यायच परतले. तुळशीचेही तसेच: २००७ मध्ये गौतमी कपूर यांनी ती भूमिका केली, हे आज पुष्कळांना आठवतही नाही.

मराठीत, आणि त्यातही नागपूरशी जोडलेले उदाहरण म्हणजे झी मराठीवरची ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६–२०२१). तिची नायिका राधिका सुभेदार नागपूरची. अनिता दाते मूळच्या नाशिकच्या, पण त्यांनी ‘काहून’, ‘मले’, ‘करून राहिली’ हे बोलणे उचलले. नागपूरकरांचा कान या बाबतीत फार तिखट आहे. पुण्या-मुंबईच्या मालिकांत वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलणारे पात्र बहुधा हसण्यासाठी ठेवलेले असते, आणि शब्द ओढूनताणून लांबवले की बोली झाली असा लिहिणाऱ्यांचा समज असतो. राधिकेच्या तोंडी काही ठिकाणी ते लांबवणे होतेच. पण ही बाई त्याच बोलीत रडते, हिशेब करते, धंदा उभारते, नवऱ्याला जाब विचारते. नागपुरी बोलणारी बाई सगळी गोष्ट स्वतःच्या खांद्यावर नेते, हे इथल्या घरांनी इतक्या वर्षांत पडद्यावर क्वचितच पाहिले होते. तिची खूण होती ती बोली, आणि नागपूरला ती उचलावीही लागली नाही. ती इथलीच होती.

त्याच मालिकेत शनाया मात्र बदलली. रसिका सुनील यांनी रंगवलेली ही शनाया नवऱ्याची प्रेयसी, आळशी, लाडावलेली, सतत खायला मागणारी. तिचा राग यावा तसा तो यायचा आणि तरी ती समोर हवीही असायची. २०१८ मध्ये रसिका शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या आणि ईशा केसकर आल्या. ‘जय मल्हार’मधली त्यांची बानू लोकांनी डोक्यावर घेतली होती, त्यामुळे चेहरा अनोळखी नव्हता, उलट तोच अडसर झाला, कारण बानूला शनाया म्हणायचे कसे? तरी त्यांनी भूमिका जवळपास दोन वर्षे निभावली, आणि ती त्यांच्या पद्धतीने, रसिका सुनील यांची नक्कल न करता. नागपुरात धरमपेठेतल्या जेवणाच्या टेबलांवर त्या काळात दोन नावे रूढ होती: जुनी शनाया आणि नवी शनाया. २०२० मध्ये ईशा केसकर बाहेर पडल्या आणि रसिका सुनील परतल्या. क्रमाने पाहिले तर आता सर्वांत नवी त्याच होत्या, पण घरोघरी ‘जुनी शनाया आली वापस’ असेच बोलले गेले.