‘हो-नाही’ नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असतील तर कोणते विश्लेषण करावे?

100 रुग्णांचे दोन्ही डोळे तपासले आणि आजार ‘आहे’ की ‘नाही’ एवढेच नोंदवले, तर शीटमध्ये 200 ओळी होतात. पण एका डोळ्यात आजार असला की दुसऱ्यातही तो असण्याची शक्यता वाढते. एकाच व्यक्तीच्या वारंवार भेटी किंवा एकाच शाळेतली मुले, यांचेही तसेच.

साधे लॉजिस्टिक रिग्रेशन (‘हो-नाही’ निकालाचा इतर घटकांशी संबंध मोजणारी नेहमीची पद्धत) प्रत्येक ओळ स्वतंत्र धरते. दोन डोळ्यांमधला सहसंबंध 0.5 असेल, तर 200 डोळ्यांतून जेमतेम 133 स्वतंत्र डोळ्यांइतकीच माहिती मिळते. वय, लिंग अशा दोन्ही डोळ्यांना समान असलेल्या घटकांची स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचे माप) मग खऱ्यापेक्षा लहान दिसते आणि नसलेला परिणाम ‘सिद्ध’ होतो. एका डोळ्यात औषध आणि दुसऱ्यात नाही, अशा अभ्यासात मात्र उलट घडते: एरर विनाकारण मोठी येते आणि खरा फरक हातचा निसटतो. या दुसऱ्या चुकीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

आम्ही मुख्यतः दोन पद्धती वापरतो. लियांग आणि झेगर यांनी 1986 मध्ये मांडलेली जीईई (जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्स) पद्धत संपूर्ण लोकसंख्येतला सरासरी परिणाम सांगते. तिच्यात सहसंबंधाचा अंदाज थोडा चुकला तरी सँडविच एरर (डेटातल्या प्रत्यक्ष चढउतारावरून काढलेली स्टँडर्ड एरर) सांभाळून घेते. पण गट (म्हणजे जोडलेल्या नोंदींच्या व्यक्ती किंवा शाळा) 40 पेक्षा कमी असतील तर आम्ही त्यात दुरुस्ती करतो. मिश्र-परिणाम लॉजिस्टिक मॉडेल प्रत्येक व्यक्तीचा स्वतःचा कल धरून त्या व्यक्तीपुरता परिणाम सांगते.

‘दोन्हींचे ऑड्स रेशो जुळत का नाहीत?’ असे आम्हाला हमखास विचारले जाते. (ऑड्स म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या शक्यतांचे प्रमाण; ते दोन गटांत किती पट वेगळे, हे हा रेशो सांगतो.) ते जुळायचे नसतातच. व्यक्तीव्यक्तींच्या कलातले व्हेरियन्स (विखुरलेपणाचे माप) 4 असेल, तर मिश्र मॉडेलमधला 3 हा रेशो जीईईत साधारण 2 दिसतो. दोन्ही आकडे बरोबर असतात, प्रश्न वेगळे असतात. धोरण ठरवायचे असेल तर आम्ही जीईई सुचवतो. समोरच्या एका रुग्णाबद्दल बोलायचे असेल तर मिश्र मॉडेल.

विश्लेषणासाठी आमच्याकडे डेटा पाठवताना नावे जरूर काढा, पण कोणती ओळ कोणत्या व्यक्तीची किंवा गटाची हे सांगणारा संकेतांकाचा रकाना कृपया ठेवा. तो गेला तर यातले काहीच करता येत नाही. भेटी चुकल्या असतील तर कारणही लिहा. तब्येत बिघडल्यामुळे लोक गळाले असतील, तर साधी जीईई दिशाभूल करू शकते आणि पद्धत बदलावी लागते.