ईएमएल की एमएसजी? जपून ठेवलेला मेल घरी उघडताना

निवृत्तीआधी बाबांनी ऑफिसातले चाळीसेक मेल पेनड्राइव्हवर उतरवून आणले. पीएफची पत्रं, बढतीचे आदेश, सहकाऱ्यांच्या शुभेच्छा. घरच्या कॉम्प्युटरवर त्यातला एकही उघडेना. मी जीमेलवरून उतरवलेले मेल मात्र तिथेच थंडरबर्ड या मेल वाचायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये सरळ उघडत होते. मग फाइलींच्या नावांची शेपटं पाहिली: माझ्या ईएमएल (.eml), बाबांच्या एमएसजी (.msg).

ईएमएल म्हणजे इंटरनेटवरून जसं आलं तसंच पत्र. त्याची मांडणी १९८२ च्या आरएफसी ८२२ या खुल्या मानकातून आलेली, त्यामुळे ती एका कंपनीच्या मालकीची नाही. सगळा साधा मजकूर, म्हणून ही फाइल नोटपॅडमध्येही उघडते. वर पाठवणारा, तारीख, विषय आणि वाटेतल्या सर्व्हरांच्या नोंदी दिसतात. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवतो, म्हणून मेलचा प्रवास खालून वर वाचायचा. मराठी विषयाच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसेल. फाइल बिघडलेली नसते. वरच्या या ओळी मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी आखल्या होत्या, म्हणून देवनागरी सांकेतिक रूपात जाते. जोडलेले फोटोही असेच अक्षरांत बदलतात, तीन बाइटांची चार अक्षरं होतात आणि आकार साधारण एक तृतीयांशाने फुगतो.

एमएसजी ही आउटलुकची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमची, स्वतःची पेटी. जुन्या डेस्कटॉप आउटलुकमधून मेल ओढून फोल्डरमध्ये टाकला की हीच फाइल तयार होते. आत विषय, मजकूर, जोडपत्रं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. नोटपॅडमध्ये नुसती चिन्हं दिसतात. शेपूट बदलून ईएमएल केलं तरी आतली मांडणी तीच राहते, म्हणून तो खटाटोप करू नका.

घरी जुनं डेस्कटॉप आउटलुक असेल तर प्रश्नच नाही. आमच्याकडे नव्हतं. ‘फाइल टाका, बदलून देतो’ म्हणणाऱ्या वेबसाइटना मी ठाम नकार दिला, कारण त्या पत्रांत बाबांचा पॅन आणि बँक खात्याचा क्रमांक होता. शेवटी लिनक्सवरच्या ‘एमएसजीकन्व्हर्ट’ या मोफत साधनाने चाळीसच्या चाळीस फाइलींचे ईएमएल केले. सगळं घरातच झालं. शुभेच्छांची पत्रं बाबांनी त्या संध्याकाळी पुन्हा एकदा वाचली.

नवा मेल जपायचा असेल तर मी ईएमएलच निवडेन. जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर ‘डाउनलोड मेसेज’ मिळतं. पण एमएसजीवरून केलेलं ईएमएल हे कप्प्यांतून पुन्हा जुळवलेलं पत्र असतं. पुढेमागे पुरावा म्हणून लागणारं पत्र असेल, तर मूळ एमएसजी पुसू नका. बाबांचे बढतीचे आदेश आम्ही दोन्ही रूपांत ठेवले आहेत.