विमानातली खरखर येते कुठून?

विमानाच्या रेडिओत खरखर आली की खापर मोबाइलवर फुटतं. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांमुळे घरी बांधलेल्या विमानांबद्दल आपल्याकडे कुतूहल वाढलं, पण अशा विमानात बऱ्याचदा रेडिओला छळतो तो मोबाइल नव्हे, त्याचा चार्जर. नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळतो तसलाच, स्वस्तातला.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या टॉवरशी वैमानिक बोलतात ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये, आणि तेही एएम पद्धतीने. म्हणजे आवाज लहरीच्या उंचीत भरलेला असतो, आणि विजेचा प्रत्येक फटका नेमकी तीच उंची बिघडवतो. मग एफएम का नाही? दोघे एकदम बोलले तर एफएममध्ये कमजोर आवाज गडप होतो. एएममध्ये निदान गोंधळ तरी ऐकू येतो.

चार्जरचं काम बॅटरीच्या १२ व्होल्टचे ५ करायचं. त्यासाठी आतला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा इवलासा स्विच, सेकंदाला, समजा, ५ लाख वेळा चालू-बंद होतो. हे झाले ५०० किलोहर्ट्झ. मग १२० मेगाहर्ट्झवर त्रास का? टाळी जशी एका सुरात वाजत नाही, तसा हा झटकाही एका वारंवारितेत मावत नाही. त्यात मूळ वारंवारितेच्या पटी असतात, आणि ५०० किलोहर्ट्झची २४०वी पट म्हणजे बरोबर १२० मेगाहर्ट्झ! वरच्या पटींचा जोर घटत जातो खरा, पण किती वेगाने, हे झटक्याची कड किती उभी यावर ठरतं. व्होल्टेज चढायला ३ नॅनोसेकंद लागत असतील, तर १ ÷ (π × ३ नॅनोसेकंद), म्हणजे सुमारे १०६ मेगाहर्ट्झपर्यंत ही घट संथ असते आणि त्यापुढे झपाट्याने होते. १२० मेगाहर्ट्झ त्याच्या जेमतेम पुढे, म्हणून तिथेही जोर उरतो. त्यात १२० मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी साधारण ६२ सेंटिमीटर. चार्जरची वायर जवळपास तेवढीच, म्हणजे फुकटचा अँटेना. फायबरग्लासच्या विमानात तर अडवायला पत्राही नसतो.

शोध घ्यायचा तो जमिनीवर, इंजिन बंद ठेवून. रेडिओची अँटेना काढा (आणि काढलेली असताना बोलायचं बटण दाबू नका). खरखर गेली तर ती हवेतून येतेय. राहिली तर वीजपुरवठ्याच्या किंवा हेडफोनच्या वायरीतून. मग एकेक उपकरण बंद करत जा. चार्जर मात्र सॉकेटमधून उपसूनच काढा, फोन लावलेला नसला तरी तो चालूच असतो. इंजिन सुरू केल्यावरच आवाज येतो आणि वेगाबरोबर त्याची किणकिण चढते? अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, बघा. टकटक वाढते? इग्निशन, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा.

काही जण स्क्वेल्च, म्हणजे कमजोर सिग्नल गप्प करणारी रेडिओतली सोय, वाढवून खरखर दाबतात. त्याने दूरच्या टॉवरचा क्षीण आवाजही दबतो. फेराइटचं (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाचं) कडं वायरीवर बसवलं तर उपयोग होतो; मोबाइलला चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ स्टिकरचा मात्र विकणाऱ्यालाच.

विमान नसलं तरी हे घरी ऐकता येतं. मध्यम लहरींवर नागपूर आकाशवाणी लावा आणि रेडिओ एलईडी बल्बजवळ न्या. बल्ब बंद करूनही खरखर थांबली नाही, तर शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरची चौकशी करा.