फोटोत आधी अंग बघा, पंख नंतर

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीवर बसलेलं काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. खाली लिहिलेलं, "अगं हे कॉमन रोज ना? ॲप तेच सांगतंय." मी म्हटलं काकू, फोटो झूम करा आणि दोन मिनिटं पंख विसरून फक्त अंग बघा, कुठे लाल दिसतंय का? नव्हतं, सगळं काळं होतं. म्हणजे ते कॉमन रोज नाहीच, ती कॉमन मॉर्मनची मादी. आणि ती कढीपत्त्यावर कशाला आली तेही लगेच कळलं, अंडी घालायला, कारण मॉर्मनच्या अळ्या कढीपत्ता नाहीतर लिंबाच्या जातीतली पानं खातात.

खऱ्या कॉमन रोजची अळी वाढते सापसंदाच्या वेलीवर. ती वेल विषारी, ते विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरू झालं तरी तसंच राहतं, त्यामुळे एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. मॉर्मनकडे हे विष नाही, पण रूप तेच असलं की पक्षी तिलाही सोडून देतो. हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्ग अभ्यासक ॲमेझॉनच्या जंगलात 11 वर्षं फिरला आणि 1862 साली त्याने हे पहिल्यांदा नीट मांडलं, म्हणून याला बेट्सियन मिमिक्री म्हणतात.

मॉर्मनची मादी आपल्याकडे तीन रूपांत दिसते. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोजसारखी आणि तिसरी क्रिमसन रोज या दुसऱ्या फुलपाखरासारखी (हिच्या मागच्या पंखावर मधला पांढरा डाग नसतो, पांढरे पट्टे पुढच्या पंखांवर असतात). ही सगळी अदलाबदल मुख्यतः डबलसेक्स नावाच्या एका जीनवर (जनुकावर) चालते, हे 2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेचर या विज्ञानपत्रिकेत दाखवलं. कीटकांमध्ये हा जीन मुळात नर की मादी हे शरीर ठरवणारा, इथे त्यालाच पंखांच्या नक्षीचं कामही लागलंय! नरातही नक्कल करणारा जीन असू शकतो, पण त्याच्या पंखांवर ती नक्षी उमटत नाही. मला हे वाचल्यापासून मॉर्मनची मादी दिसली की थांबल्याशिवाय राहवत नाही.

तर मुद्दा असा की नक्कल होते ती पंखांची, आणि आपण फोटोत नेमके पंखच बघत बसतो. अंग तसंच राहिलेलं असतं.

दुसरी जोडी रुईवाली. मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो ना, तीच रुई खाऊन प्लेन टायगरची अळी विषारी होते, आणि मुंबईत रुळांच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर रुई भरपूर, म्हणून हे केशरी फुलपाखरूही भरपूर. त्याची हुबेहूब नक्कल करते डॅनेड एगफ्लायची मादी. फरक बघायचा मागच्या पंखावर: प्लेन टायगरच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायला एकच, तोही वरच्या कडेजवळ. शिवाय टायगरच्या काळ्या छातीवर पांढरे ठिपके ठळक दिसतात. एगफ्लायचा नर मात्र काळा, त्यावर जांभळट झाकेचे मोठे पांढरे डाग, दोघं एका जातीचे आहेत हे सांगूनही पटत नाही.

काही वेळा नकलेचा प्रश्नच नसतो, जाती मुळातच जवळच्या असतात. पावसाळ्यानंतर आरेत किंवा नॅशनल पार्कात गवतावर पिवळी फुलपाखरं उडतात ती ग्रास यलो. कॉमन आणि थ्री-स्पॉट यांत फरक पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाजवळच्या भागात, कॉमनला तिथे दोन खुणा आणि थ्री-स्पॉटला तीन. वरून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी इथे काहीच उपयोगाचा नाही. बसल्यावर पुढचा पंख मागच्या पंखाआड अर्धा लपतो, म्हणून गुडघ्यावर बसा, कॅमेरा पंखाला समांतर धरा आणि एक नाही, पाच-सहा फोटो काढा. तारीखही लिहून ठेवा, कारण ऋतूप्रमाणे रूप बदलतं. संध्याकाळी जिन्यातल्या लाइटवर येणारं कॉमन इव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठिपके मिरवतं आणि उन्हाळ्यात तेच ठिपके जवळजवळ गायब होऊन अगदी सुकलेलं पान वाटतं, लोक दोन जाती समजतात.

आणि स्विफ्ट नावाची छोटी तपकिरी फुलपाखरं आली की बऱ्याचदा फोटोवर थांबायचं. त्यातल्या काही जाती मायक्रोस्कोपखाली जननेंद्रियं तपासल्याशिवाय वेगळ्या सांगताच येत नाहीत. अशा वेळी नुसतं "स्विफ्ट" लिहिणं हे चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण ते चुकीचं नाव पुढे कोणाच्या तरी यादीत जातं आणि मग जिथे ती जात कधी नव्हतीच तिथे ती आहे असं वर्षानुवर्षं धरलं जातं. मला हे खरंच लागतं.

आठवड्याने काकूंचा पुन्हा फोटो आला, यावेळी पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी. "पुसणार होते गं, पण हललं." मॉर्मनची अळी, लहानपणी अशीच दिसते. मी म्हटलं काकू, फोडणीला कढीपत्ता लागतो ना तुम्हाला? तर म्हणाल्या, "खालच्या फांदीचा तोडते, वरची तिची."